सायकल घेतलीत ना? मग चालवा की!

हौसेनं घेतलेली सायकल पार्किंगमध्ये का गंजते? पाय दुखतात म्हणून नव्हे. घाम, पंक्चर, पाऊस आणि डावीकडे वळणारी बस, या चार गोष्टींचा बंदोबस्त आधी केलेला नसतो म्हणून! रोज सायकलनं ऑफिसला जाणाऱ्यांसाठी, आणि ‘सोमवारपासून नक्की’ म्हणणाऱ्यांसाठीही, काही साध्यासोप्या युक्त्या.

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. बाईक आणि कार यांच्या मागे, मीटरबॉक्सच्या शेजारी, भिंतीला टेकून दोन-तीन सायकली हमखास दिसतील. एकवीस गिअर, समोर सस्पेन्शन, एकदम सही रंग... आणि दोन्ही टायर जमिनीला चिकटलेले. यातल्या बऱ्याच सायकली २०२० च्या लॉकडाऊननंतरच्या. तेव्हा जिम बंद होत्या, रस्ते रिकामे होते आणि सायकलीच्या दुकानांत वेटिंग लिस्ट लागली होती. मग ऑफिसं सुरू झाली, ट्रॅफिक परत आलं आणि सायकलीवर टॉवेल वाळायला लागले.

तसं पुण्याला सायकलचं काही नवल नाही. हे एके काळी सायकलींचंच शहर. तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची, महापालिकेचा बिल्ला लावावा लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलात की पोलीसमामा चाकातली हवा सोडायचे. पुढे स्कूटर आली, बाईक आली आणि सायकल मागे पडली. २०१७ च्या अखेरीस महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकलींची योजनाही सुरू झाली. लोकांनी ॲप डाउनलोड केलं, सेल्फी काढले. काही वर्षांतच त्या सायकली दिसेनाशा झाल्या.

पण एक जमात अजूनही रोज पायडल मारते. पहाटेचे पेपरवाले, रात्रपाळी संपवून घरी जाणारे वॉचमन काका, बांधकामावर निघालेले गवंडी. त्यांच्याकडे ना महागडं हेल्मेट, ना फिटनेस ॲप. तरी त्यांची सायकल चालते, कारण चेनला तेल कधी घालायचं, हवा कुठे मिळते, बसपासून किती लांब राहायचं, याची उत्तरं त्यांना पाठ असतात. फंडा हाच आहे. रोज सायकल चालवणारा माणूस सगळ्यात फिट असतो असं नाही; त्याची छोटी-छोटी टेन्शनं आधीच मिटलेली असतात, एवढंच. तेव्हा चला, एकेक टेन्शन मिटवू या.

आधी सीट वर करा

‘सायकल चालवली की गुडघे दुखतात’ ही तक्रार दहा जणांकडून ऐकाल. त्यांच्या सायकलीकडे बघा, सीट बहुतेक वेळा खालीच असते. सिग्नलला दोन्ही पाय आरामात टेकावेत म्हणून आपण ती खाली ठेवतो आणि मग गुडघे छातीपर्यंत आणत पायडल मारतो.

योग्य उंची काढायला टेप नको, भिंत पुरे. भिंतीला हात टेकून सीटवर बसा. टाच पायडलवर ठेवा आणि ते पायडल सगळ्यात खाली न्या. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. आता चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर आला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. हीच तुमची उंची. कंबर डावी-उजवीकडे डुलायला लागली तर सीट जास्त वर गेली, थोडी खाली घ्या. थांबताना मात्र सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय लावावी लागेल. दोन दिवसांत जमते.

सीटच्या दांडीवर एक रेघ कोरलेली असते. ती रेघ दिसेपर्यंत दांडी बाहेर काढू नका. सापडलेल्या उंचीवर मार्करनं एक खूण करून ठेवा, म्हणजे धाकट्या भावानं सायकल नेली तरी पुन्हा शोधाशोध नको. आणि बसायला दुखतं म्हणून लगेच जाडजूड जेलचं कव्हर घेऊ नका. पहिले दहा-पंधरा दिवस थोडं दुखतंच. लांबच्या अंतराला फार मऊ सीट उलट जास्त टोचते, कारण आपण तिच्यात रुततो.

हवा, ब्रेक, चेन

निघण्यापूर्वी फक्त अर्धं मिनिट. तीन गोष्टी याच क्रमानं.

हवा: टायर अंगठ्यानं दाबून बघा. किती हवा भरायची हे टायरच्या बाजूवरच छापलेलं असतं. जाड, खाचांच्या टायरला साधारण ३५ ते ५० पीएसआय आणि मधल्या रुंदीच्या हायब्रिड टायरला ५० ते ७५ लागते. हवा कमी असेल तर पायडल जड जातं, आपल्याला वाटतं आपलाच स्टॅमिना कमी! शिवाय खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेमटते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडलेली दिसली, तर खिळ्याला शिव्या देऊ नका, दोष कमी हवेचा आहे.

तुमचा व्हॉल्व्ह कुठला तेही बघून ठेवा. बाईकसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. पण जपून, तिथल्या मशीनचा जोर मोठा आणि सायकलची ट्यूब लहान. थोडी-थोडी भरा, मध्ये अंगठ्यानं दाबून बघा. बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असेल तर एक छोटा पितळी ॲडॅप्टर घेऊन ठेवा. तो इतका लहान असतो की किचेनमध्ये मावतो, आणि ऐन वेळी तोच लाख मोलाचा ठरतो.

ब्रेक: दोन्ही दाबून बघा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ओढून घ्यायला हवी. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर रबरावरच्या खाचा बघा. खाचा पुसल्या गेल्या की रबर बदला, फार खर्चाचं काम नाही. कुठल्या हाताचा ब्रेक कुठल्या चाकाचा, हे सायकलीगणिक वेगळं असू शकतं. ते पार्किंगमध्येच तपासा, चांदणी चौकाच्या उतारावर नको.

चेन: पायडल उलटं फिरवा. करकर आवाज आला तर तेल मागतेय असं समजा. तेल घालण्याची पद्धत मात्र उलटी आहे: आधी पुसायचं, मग घालायचं, मग पुन्हा पुसायचं. जुन्या बनियनच्या फडक्यात चेन धरून पायडल फिरवा, काळं वंगण निघू द्या. मग चेनच्या आतल्या बाजूनं प्रत्येक कडीवर एक थेंब टाका. पायडल दहा-पंधरा वेळा फिरवा, थोडा वेळ थांबा आणि बाहेरचं तेल पूर्ण पुसून काढा. तेलाचं काम कडीच्या आत असतं; बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ आणि तुमची पँट गोळा करतं. खोबरेल केसांसाठी ठेवा, चेनवर ते धूळ धरतं आणि थंडीत थिजतं. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालतं, पण ते पातळ असल्यामुळे लवकर उडतं. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा घाण काढायला छान, पण चेनला वंगण म्हणून तो टिकत नाही. आणि डिस्क ब्रेक असतील तर त्या डिस्कवर तेलाचा थेंबही उडू देऊ नका, ब्रेक लागायचेच बंद होतील.

एकवीस गिअर, पण कुठला कधी?

बहुतेकांची सायकल एकवीस गिअरची असते आणि वर्षभर एकाच गिअरवर चालते. लक्षात ठेवायचं ते एवढंच: पाय जड पडायच्या आत गिअर हलका करा. चढ लागल्यावर नव्हे, चढ दिसल्यावर. सिग्नलला थांबायच्या आधी एक-दोन गिअर हलके करून घ्या, म्हणजे हिरवा झाल्यावर सगळं वजन पायडलवर टाकून उभं राहावं लागणार नाही. मागच्या बसचा हॉर्न वाजत असताना तर हे फारच उपयोगी.

पायांची गती मिनिटाला सत्तर ते नव्वद फेऱ्या असावी. मोजायला यंत्र नको. पंधरा सेकंदांत एक पाय किती वेळा खाली जातो ते मोजा आणि चारनं गुणा. जड गिअर रेटत जाणं मर्दानी वगैरे वाटत असेल, पण त्याची किंमत गुडघे मोजतात.

आणि एक: पुढची सगळ्यात मोठी चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती, किंवा दोन्हीकडे सगळ्यात लहान, अशी जोडी लावू नका. चेन तिरकी ओढली जाते, आवाज करते आणि लवकर झिजते. चेन पडलीच तर हात काळे करायची गरज नाही. मागच्या गिअरचा तो लोंबता हात पुढे ढकला, चेन सैल पडेल. मग ती पुढच्या चकतीच्या वरच्या दात्यांवर अडकवा आणि मागचं चाक उचलून पायडल हळू फिरवा. सीटखाली प्लॅस्टिकचे पातळ हातमोजे गुंडाळून ठेवले असतील तर मीटिंगमध्ये कुणाला पत्ताही लागणार नाही.

घामाचं गणित

आता खरा अडथळा. ‘ऑफिसला पोचेपर्यंत घामाघूम, मग दिवसभर काय?’ हे उत्तर ऐकून निम्म्या सायकली पार्किंगमध्ये परत जातात.

गणित करून बघा. आठ किलोमीटर अंतर ताशी पंधराच्या वेगानं बत्तीस मिनिटांचं. वीसच्या वेगानं गेलात तर चोवीस मिनिटांचं. म्हणजे जीव तोडून वाचवली ती फक्त आठ मिनिटं, आणि तीही पोचल्यावर पंख्याखाली उभं राहण्यात जाणार! त्यामुळे ऑफिसला जाताना रेस नाही. शेवटची दहा मिनिटं तर मुद्दाम रमतगमत जा. दम भरायचा असेल तर तो घरी परतताना भरा, तिथे बाथरूम आपलं असतं.

दुसरा उपाय पाठीचा. सॅक पाठीवर असली की पाठ भिजणारच. सॅक कॅरिअरवर बांधा किंवा कॅरिअरच्या बाजूला लटकणारी बॅग घ्या. लॅपटॉप रोज न्यायचा असेल तर हे आणखी गरजेचं, कारण वजन खाली गेलं की सायकलचा तोलही सुधारतो. ‘एवढ्या देखण्या सायकलला कॅरिअर?’ असं वाटत असेल तर पेपरवाल्या काकांकडे पुन्हा एकदा बघा.

तिसरा उपाय सोमवारचा. आठवड्याचे शर्ट, एक टॉवेल, डिओ आणि फॉर्मल बूट सोमवारी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन टाका. शर्ट घडी करण्यापेक्षा गुंडाळून नेला की चुण्या कमी पडतात. येताना साधा, लवकर वाळणारा टी-शर्ट घाला. सुती कपडा घाम धरून ठेवतो. पोचल्यावर आधी पाच-सात मिनिटं थंड व्हा, मग ओल्या नॅपकिननं अंग पुसा आणि मगच शर्ट घाला. घाईनं लगेच शर्ट चढवला तर तोही भिजतो, कारण सायकल थांबल्यावरही घाम थोडा वेळ येतच राहतो.

पँटचा उजवा पाय चेनमध्ये जाऊ नये म्हणून क्लिप लावा किंवा तो मोज्यात खोचा. आजोबांच्या पिढीचा हा जुगाड अजूनही नंबर वन आहे. ओढणी असेल तर ती खांद्यावरून घेऊन कमरेला गाठ मारायची. मागच्या चाकात अडकलेली ओढणी ही गमतीची गोष्ट नाही. सलवार किंवा पलाझोसाठी अख्खं चेन कव्हर असलेली सायकल बरी.

रस्त्यावर: दिसा आणि ओळखा

इथे मात्र थट्टा बाजूला ठेवू या, कारण इथे चूक झाली तर शर्ट नाही, जीव जातो.

सायकलवाल्यासाठी शहरातली सगळ्यात धोकादायक जागा म्हणजे सिग्नलला थांबलेली बस, डंपर किंवा सिमेंट मिक्सर आणि फुटपाथ यांच्यामधली फट. फट रिकामी दिसते, आपली सायकल बारीक, मोह होतो. पण ती गाडी डावीकडे वळली की मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जातं आणि फट मिटते. ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नसता. कसोटी सोपी आहे: गाडीच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसतोय का? दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. अशा वेळी मागेच थांबा. दहा सेकंद उशीर होईल, होऊ दे. बस स्टॉपवर थांबलेल्या बसच्या डावीकडूनही घुसू नका, माणसं तिकडूनच उतरतात.

दुसरा धोका उभ्या गाडीचा. फर्ग्युसन रोडवर किंवा जंगली महाराज रोडवर रांगेनं लावलेल्या कार शांत दिसतात, पण त्यांचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. अख्ख्या दाराएवढं, म्हणजे साधारण एक मीटर अंतर ठेवून चला. आत कुणी बसलंय का, ब्रेकचा दिवा लागलाय का, हे मागच्या काचेतून दिसतं. पुढे चाललेल्या रिकाम्या रिक्षाचंही तेच. फुटपाथवर कुणी हात केला की ती तुमच्यासमोरच डावीकडे थांबणार हे धरूनच चाला.

अरुंद गल्लीत अगदी कडेला चिकटून चालवू नका. कडेला वाळू, काचा आणि गटाराच्या जाळ्या असतात, आणि मागच्या गाडीला वाटतं, ‘जागा आहे, घाला पुढे.’ कडेपासून थोडं आत, सरळ रेषेत चाला. सायकलवाला नागमोडी जातो, ही मागच्याची मोठी भीती असते. वळायच्या आधी मागे बघा, हात दाखवा, मग वळा. एका हातानं सायकल धरून मागे बघण्याचा सराव रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर करून ठेवा. कुणी थांबून जागा दिली तर हात वर करा. पुढच्या सायकलवाल्यालाही तो जागा देईल.

राँग साइड नाही म्हणजे नाही, कितीही जवळ असलं तरी! दोन्ही कानांत इअरफोन नको, मागून काय येतंय हे कानच सांगतात. संध्याकाळी पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावाच. पुढचा दिवा किंचित खाली वळवा, तो समोरच्याच्या डोळ्यांत जायला नको. दिवा यूएसबीवर चार्ज होणारा असेल तर दर सोमवारी ऑफिसच्या टेबलावरच लावायचा, म्हणजे विसरत नाही. मागच्या मडगार्डवर आणि पायडलवर चमकणारी पट्टी चिकटवा. वर-खाली हलणारी चमक ड्रायव्हरच्या नजरेत पटकन भरते.

कायद्यानं सायकलवाल्याला हेल्मेटची सक्ती नाही, डोक्याला मात्र आहे. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं असावं, मागे कलंडलेलं नको. पट्टे कानाखाली इंग्रजी ‘व्ही’सारखे जुळावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा राहावी. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला.

रात्री उशिरा परतणाऱ्यांचा आणखी एक प्रश्न: कुत्री! वेग वाढवला की ती जास्त चेकाळतात. शांतपणे थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालत पुढे जा. पाठलागातली मजा गेली की ती परत फिरतात.

गूगलचा नव्हे, सायकलचा रस्ता

कोथरूडहून डेक्कनला जायचं तर कर्वे रोडशिवाय पर्याय नाही, असं कारवाल्याला वाटतं. सायकलवाल्याला मयूर कॉलनी, कॅनॉल रोड, एरंडवणे, प्रभात रोडच्या गल्ल्या मोकळ्या असतात. झाडांची सावली, बस नाही, डंपर नाही. अर्धा-एक किलोमीटर जास्त पडला तरी डोकं शांत राहतं. तुमच्याही रस्त्याला असा आतला भाऊ नक्की असेल. तो रविवारी सकाळी शोधून ठेवा. मात्र एकदा वीकडेला ऑफिसच्या वेळेतही जाऊन बघा, कारण रविवारी रिकामी दिसणारी गल्ली सोमवारी शाळेच्या बसेसनी तुंबलेली असू शकते. शक्य असेल तिथे फ्लायओव्हरवर न चढता खालच्या रस्त्यानं जा.

आणि पहिल्याच आठवड्यात पाचही दिवस जायची प्रतिज्ञा नको. मंगळवार आणि गुरुवार, बस्स. दोनच दिवस, पण न चुकता. महिन्याभरात तिसरा दिवस आपोआप येतो.

पंक्चर? नो प्रॉब्लेम!

पंक्चर काढता येणं म्हणजे मेकॅनिक होणं नव्हे. रस्त्यावर तर ट्यूब बदलणंच सोपं. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. मागचं चाक काढायचं असेल तर आधी गिअर मागच्या सगळ्यात लहान चकतीवर आणा, चाक सहज निघतं. उरलेली हवा सोडा, टायर लिव्हरनं टायरची एक कड रिमच्या बाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या.

आता घाईघाईत नवी ट्यूब घालू नका. आधी टायरच्या आतून बोटं फिरवा, पण हळू. ज्यानं पंक्चर केलं ती तार किंवा काच बहुतेक वेळा अजून तिथेच असते. ती काढली नाही तर पुढच्या चौकात नवी ट्यूबही बसते. नवी ट्यूब घालण्यापूर्वी तिच्यात थोडीशी हवा भरा, म्हणजे ती पिळली जात नाही. टायरची शेवटची कड हातांनीच चढवा. लिव्हर वापरलात तर नवी ट्यूबच चिमटीत सापडायची.

जुन्या ट्यूबला पॅच घरी आरामात लावा. भोक सापडत नसेल तर हवा भरून ट्यूब ओठांजवळून फिरवा, बारीक झुळूकसुद्धा कळते. नाहीतर पाण्याची बादली आहेच. पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशनचा पातळ हात द्या आणि थांबा. सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच दुसऱ्या दिवशी निघतो.

हे सगळं जमत नसेल तरी हरकत नाही. रस्त्यावरचे पंक्चरवाले कुठे-कुठे बसतात ते बघून ठेवा आणि एकाचा नंबर घेऊन ठेवा. चाक ‘आउट’ झालं, ब्रेकला घासायला लागलं, तर स्पोक आवळण्याचं काम मात्र त्यांच्याच हाताला द्या. ती कला आहे.

पावसाळा

जूनमध्ये सायकल आत जाते ती थेट ऑक्टोबरमध्ये बाहेर येते. म्हणजे वर्षाचे चार महिने गेलेच की! खरं तर पावसात घाम कमी येतो.

सगळ्यात जपायचं ते पहिल्या पावसाला. महिनोन्‌महिने रस्त्यावर सांडलेलं ऑइल आणि धूळ यांचा पहिल्या सरीत चिखल होतो आणि रस्ता साबणासारखा होतो. दोन-तीन चांगल्या सरी पडून रस्ता धुऊन निघू द्या. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं आणि गुलमोहराच्या पाकळ्यांचा सडा, या तिन्हींवर ना ब्रेक, ना वळण. सरळ जायचं. साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, खाली खड्डा आहे की उघडं चेंबर हे दिसत नाही.

ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतात. थांबायच्या जागेच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके टेकवा, रिमवरचं पाणी पुसलं जाईल आणि मग पकड येईल. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू. टायरमधली हवा किंचित कमी ठेवली तर पकड थोडी सुधारते.

मडगार्ड लावाच. नसेल तर मागच्या चाकाचं पाणी पाठीवर सरळ चिखलाची रेघ ओढतं. ‘वॉटरप्रूफ’ सॅकवर विश्वास असला तरी लॅपटॉप आणि मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच आत ठेवा. हॉटेलात मिळणारी शॉवर कॅप सायकलच्या सीटवर अगदी फिट बसते. भिजलेल्या बुटांत रात्री जुना पेपर कोंबा, सकाळपर्यंत तो बरंच पाणी पितो. आणि घरी आल्यावर कितीही कंटाळा आला तरी चेन पुसून एक हात तेलाचा द्या.

कुलूप असं लावा

नुसतं चाक बांधून ठेवलं तर संध्याकाळी नुसतं चाकच मिळायची शक्यता. कुलूप फ्रेम आणि मागचं चाक यांतून घेऊन जमिनीत पक्क्या असलेल्या खांबाला लावा. बारीक केबलचं कुलूप साध्या कटरनं तुटतं, इंग्रजी ‘यू’च्या आकाराचं जाड कुलूप जास्त दम काढतं. पुढचं चाक हातानं निघणारं असेल तर त्यालाही एक साखळी. जागा वॉचमनच्या नजरेतली निवडा आणि वॉचमन काकांशी रोज दोन शब्द बोला. कुठल्याही कुलपापेक्षा ही ओळख मोठी.

पायडलच्या दांड्याखाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो. त्याचा, सायकलचा आणि बिलाचा फोटो आजच काढून ठेवा. सायकल चोरीला गेली तर तक्रार देताना आणि सापडली तर ‘ही माझीच’ हे सिद्ध करताना हाच पुरावा.

ऑफिसमध्ये सायकलला जागा नसेल तर चिडचिड करू नका. तीन-चार जण मिळून ॲडमिनला मेल टाका. एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात, हे त्यात आवर्जून लिहा. एकट्याचा मेल ही तक्रार वाटते, चौघांचा मेल ही मागणी ठरते.

सॅकमध्ये एवढं हवंच

- एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप
- पंक्चर किट (सोल्युशनची ट्यूब वाळली नाही ना, हे बघून!)
- ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की, आणि चाकाला नट असतील तर त्या मापाचा पाना
- पातळ हातमोजे, जुनं फडकं
- प्लॅस्टिकची मोठी पिशवी, पाण्याची बाटली
- घरच्या माणसाचा नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी

सायकलचं टाइमटेबल

- रोज, अर्धं मिनिट: हवा, ब्रेक, चेन
- दर रविवारी, दहा मिनिटं: पंपानं हवा, चेन पुसणं, दिव्यांचं चार्जिंग
- महिन्यातून एकदा: सगळे नट-बोल्ट, ब्रेकचं रबर, टायरमध्ये रुतलेल्या काचा
- पावसाळ्याआधी आणि नंतर: मेकॅनिककडून पूर्ण ऑइलिंग-ग्रीसिंग

यातलं सगळं एकदम करायची गरज नाही. आज संध्याकाळी फक्त खाली पार्किंगमध्ये जा, धूळ पुसा, हवा भरा आणि सीट वर करा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन दुधाची पिशवी घेऊन या. सोमवारचं सोमवारी बघू!